दहापैकी सहा

त्या माणसाला चहा गरम आहे म्हणून सांगितलं तरी तो विचारायचा, "खात्री किती? दहापैकी?"

ठाण्यात खोपटला बसस्टँडसमोर अण्णाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे बाकडी आणि एक भट्टी. आम्ही ट्रकवाले तिथे थांबायचो. अण्णा ओरडायचा, "सर, गरम आहे, तोंड भाजेल." हा कप हातात धरून थांबणार, अण्णाकडे बघत राहणार. सुरुवातीला अण्णा चिडायचा. मग वैतागून उत्तर द्यायला लागला. नऊ म्हटलं तर हा फुंकर घालून प्यायचा, सात म्हटलं तर तसाच प्यायचा. तोंड भाजलं तर शिवी नाही. "तुझा सात जरा हलका पडला, अण्णा. पुढच्या वेळी आठ सांग."

आम्ही त्याचं नाव दहापैकी ठेवलेलं. समोर अर्थात सर म्हणायचो, कारण तो इंजिनेरिंग कॉलेजात मास्तर होता आणि डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचा. उजव्या पायाच्या पॅन्टला सायकलवाले लावतात तसला चिमटा कायम. सायकल नव्हती. ती कधीतरी डोंबिवली स्टेशनाबाहेरून चोरीला गेलेली. चिमटा का लावता विचारलं तर म्हणाला, "सकाळी हात आपोआप जातो. सायकल गेली हे हाताला अजून पटलेलं नाही."

मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहितोय ते नातवाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर, आणि सावकाश. कोणी लिहा म्हटलेलं नाही. घरात मला आता सगळे सांगतात, विचारत कोणी नाही. डॉक्टर सांगतो, सून सांगते, तो मोबाईलसुद्धा सांगतो. सांगू देत. मी माझं लिहितो.

तर तो खोपटला कशाला यायचा? ड्रायव्हर लोकांना प्रश्न विचारायला. तेव्हा कॉम्प्युटर ही चीज नवीन होती, आम्ही फक्त ऐकलेली. सरांचं म्हणणं असं, की एखाद्या नाक्यावर अपघात का होतात हे जाणत्या माणसाला बघितल्याबरोबर कळतं, पण जाणती माणसं थोडी आणि नाके उदंड. मग त्या माणसांच्या डोक्यातलं सगळं काढून कॉम्प्युटरात घालायचं. असं असेल तर तसं, तसं असेल तर हे करा, अशा नियमांनी. नंतर कुठलाही नवखा इंजिनेर त्याच्यासमोर बसला की कॉम्प्युटर त्याला एकेक प्रश्न विचारणार. रस्ते किती मिळतात, वळताना समोरचं दिसतं का, माणसं कुठून ओलांडतात. आणि शेवटी सांगणार, इथे रोग हा आहे आणि औषध हे. एक्स्पर्ट सिस्टिम म्हणायचे त्याला. आम्ही पेटी म्हणायचो.

"आणि एक्स्पर्ट कोण?" मी विचारलं.

"तुम्ही."

अण्णा हसला. मी नाही हसलो. माझ्या हातून आयुष्यात कोणाला खरचटलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला कोणी शाळेत शिकवलेली नव्हती. एक्स्पर्ट तर एक्स्पर्ट. तो मला "ड्रायव्हरसाहेब" म्हणायचा, चेष्टेने नाही.

कंपनीची परवानगी काढून तो माझ्या ट्रकमध्ये केबिनला बसून कल्याणपर्यंत यायचा. मांडीवर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. काल्हेर गाव गेलं, कोन गाव आलं, की मध्येच, "आत्ता पाय ब्रेककडे का गेला?"

"कुठे गेला?"

"गेला. मी बघितला."

"मला नाही माहीत."

"पाय गेला म्हणजे तुमच्यातल्या कोणाला तरी माहीत आहे. त्याला विचारा."

आता सांगा, चालत्या ट्रकमध्ये असं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी दुर्गाडीच्या पुलापर्यंत डोकं खाजवत जायचो, आणि मग आठवायचं. मागे तबेला होता, तिथलं पाणी रस्त्यावर येतं, वळणावर चाक सरकतं. तो कार्डावर लिहायचा आणि लगेच, "खात्री किती?" आपण "नेहमी सरकतं" म्हटलं तर त्याला त्रास व्हायचा, खरंच तोंड कडू व्हायचं त्याचं. नेहमी हा शब्द त्याला सोसायचा नाही. बायको नेहमी उशीर करते म्हणालो तर म्हणाला, "आठ लिहू का?"

नाका बघायची त्याची तऱ्हा वेगळी. जेवढे रस्ते मिळतात तेवढ्या वेळा तो त्या नाक्यावर यायचा, प्रत्येक रस्त्यावरून एकदा, चालत. मग कोपऱ्यावर उकिडवा बसायचा, लहान पोराच्या उंचीवरून काय दिसतं ते बघायला. खोपटच्या कोपऱ्यावर असाच बसलेला असताना हवालदाराने वेडा समजून उठवला. ह्याने उठता उठता हवालदारालाच विचारलं, की इथे सर्वात जास्त टक्कर कुठल्या वळणाला होते. तासाभराने बघतो तर हवालदार त्याच्याशेजारी उकिडवा, आणि त्याने सांगितलेलं कार्डावर, कोपऱ्यात नऊ.

आणि हा नाक्यांचा एवढा पंडित, ह्याला स्वतःला रस्ता ओलांडता यायचा नाही. उजवीकडे बघणार, डावीकडे बघणार, पुन्हा उजवीकडे, तोपर्यंत डावीकडून गाडी येणार. शेवटी कोणीतरी म्हातारी त्याचा हात धरून न्यायची.

एकदा त्याने मला कॉलेजात नेऊन पेटी दाखवली. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, सगळी इंग्रजी. तो मराठीत सांगत होता. मध्येच म्हणाला, "आता हिला विचारा, का?"

"का म्हणजे?"

"हिने आत्ता रस्त्याची रुंदी विचारली. का विचारली, ते विचारा."

त्याने काहीतरी दाबलं. पडद्यावर ओळी आल्या, मला रुंदी पाहिजे कारण अमुक नियम तपासायचा आहे. मास्तर लहान पोरासारखा खूश. "ज्याला का विचारता येत नाही, त्याचं ऐकायचं नाही, ड्रायव्हरसाहेब. मग तो माणूस असो की पेटी." स्वतःही तसाच वागायचा. त्याला कोणीही का विचारावं, अण्णाच्या पोऱ्यानेसुद्धा, हा सविस्तर कारण द्यायचा. एवढं सविस्तर, की पुन्हा कोणी विचारायचं नाही.

आमचं बिनसलं ते सहावरून.

माझा एक नियम होता, आणि तो मी त्याला राखून ठेवून शेवटी सांगितला, कारण तो माझा खास होता. सिग्नल नसलेल्या नाक्यावर मोठ्या गाडीने थांबायचं नाही. बिचकायचं नाही. मोठी गाडी बिचकली की सगळे घुसतात आणि घोटाळा होतो. मोठी गाडी सरळ गेली की बारके आपोआप थांबतात. याच्यावर मी जन्मभर गाडी चालवली. "दहापैकी दहा," मी न विचारता सांगितलं.

त्याने कार्डावर लिहिलं आणि कोपऱ्यात आकडा टाकला. मला वाचता येतं. सहा.

"सहा? त्या हवालदाराच्या गोष्टीला नऊ आणि मला सहा?"

"हो."

मी चहाचा कप ठेवला आणि उठलो. त्यानंतर मी खोपटला थांबणं बंद केलं. अण्णाने निरोप पाठवले, मी गेलो नाही. जाणार पण नव्हतो.

एका रविवारी दुपारी तोच आमच्या गावी, बाळकुमला, आमच्या दारात. विचारत विचारत आलेला, चिमट्यासकट. आमची मंडळी वाडीतली भाजी विकून नुकतीच आलेली. तिने आत घेतलं, पाणी दिलं, तांदळाची भाकरी आणि सुका जवला वाढला. मला वाटलं हा बामणी पोटाचा माणूस, नको म्हणेल. तो जेवला, आणि मुकाट जेवला. तिला मी अण्णाच्या हॉटेलातल्या गमती सांगितलेल्या होत्या.

"कवरं झालंय, सायेब?" तिने विचारलं. "दहातले किती?"

"आठ."

"आन् दोन कनाला कापले?"

"मीठ थोडं पुढे आहे."

ती पदर तोंडाला लावून हसली आणि माझ्याकडे वळली. "बघा! तुमच्या अख्ख्या जन्माच्या गारीला सहा, आन् माझ्या जवल्याला आठ."

मला ते लागलं. मी म्हणालो, सर, कारण सांगा. का विचारलं की सांगायचं असतं ना? त्याने हात धुतले, पंच्याला पुसले.

"तुमचा नियम मला कोणी सांगितला? तुम्ही. तुमच्यासारखेच आणखी ड्रायव्हर. सगळे सहीसलामत आहेत म्हणून भेटले. न बिचकता गेला आणि पलीकडे पोचला नाही, असा कोणी मला खोपटला चहा प्यायला भेटत नाही. त्याचं मत कोण लिहिणार? त्याच्यासाठी चार मी बाजूला ठेवलेत."

मला पटलं नाही. बायकोला मात्र माझी कीव आली असावी. भाजीच्या टोपलीशी गिऱ्हाइकाशी बोलते तशी ती पुढे सरसावली.

"आवो, ते ऱ्हाऊ द्या. साडेसात तरी करा."

"नाही वहिनी."

"सात?"

"सहा."

"साडेसा. आता नाय बोलू नका, मीठ खाल्लाय तुमी आमचा."

"मीठ जास्त होतं म्हणून तर आठ दिले."

त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा भाव करताना हार खाल्ली, आणि त्या माणसाचं तिला कौतुक वाटायला लागलं. मला नाही. पण मी पुन्हा खोपटला थांबायला लागलो. न थांबून अण्णाचंच नुकसान होत होतं.

आता आमच्या नाक्याचं सांगतो. गावातून येणारा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे खाडीच्या पुलावरून उतरून ट्रक येतात. भरलेला ट्रक उतारावर वेग धरतो. डिव्हायडरला बरोबर गावासमोर एक गॅप ठेवलेला, त्यातून अख्खं गाव पलीकडे बसला, शाळेला, बाजाराला जायचं. त्या वर्षी तिथे आमच्या आळीतली एक लेकुरवाळी बाई ट्रकखाली गेली. गाव रस्त्यावर बसलं. आम्हाला सिग्नल पाहिजे, नाहीतर उठत नाही. रस्त्याच्या कचेरीचे साहेब आले, त्यांनी हात जोडले, बघतो म्हणाले. सर त्या कचेरीत बरेच दिवस खेटे घालत होता, माझी पेटी एकदा खऱ्या नाक्यावर लावून बघा म्हणून. साहेबांना बरंच झालं. म्हणाले, चला, तुमची पेटी सांगेल ते करू. पेटीला मिळालेला तो पहिला नाका, आणि सरांनी इतकी वर्षं जे केलं ते खरं की खेळ, ते ठरणार होतं आमच्या गावात.

दुसरा कोणी असता तर कचेरीत बसून उत्तर काढून कागद पाठवला असता. हा पेटीच घेऊन गावात आला. ज्यांचा नाका आहे त्यांना का विचारता आलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. डोंबिवलीहून टेम्पो केला, पेटी घरच्या गादीत गुंडाळली, आणि उतरल्या उतरल्या मला म्हणाला, "गादी संध्याकाळच्या आत परत गेली पाहिजे. घरून सक्त ताकीद आहे."

शाळेच्या वर्गात पेटी मांडली. गावातल्या विजेला दम नव्हता, म्हणून पंखे बंद केले. बाकांवर पोरांच्या जागी बाप्ये, मागे भिंतीला बायका, सगळे घामाने डबडबलेले. पेटी विचारायची, सर मराठीत सांगायचा, गाव उत्तर द्यायचं.

"पायी ओलांडणारे?"

"लय!" सगळे एकदम.

"आणि खात्री?"

"अरे, आम्हीच ओलांडतो ना! खात्री कसली विचारतो?"

असं तासभर चाललं. मग पेटी थांबली, विचार करत बसली, आणि उत्तर आलं. सरांनी ते आधी मनात वाचलं. मग मोठ्याने. सिग्नल लावू नका. डिव्हायडरचा गॅप बंद करा. लोकांनी पुढे पुलाच्या बाजूला असलेल्या वळणावरून फिरून यावं, तिथे वळणामुळे गाड्या आपसूक हळू असतात, उतारावरचा वेग त्यांनी अजून धरलेला नसतो.

वर्गात जो गोंधळ झाला तो काय सांगू. म्हातारी माणसं पेटीला शिव्या द्यायला लागली. माझा चुलतभाऊ बाकावर उभा राहिला. "आमचा रस्ता बंद? का? का ते विचार तिला!"

सरांनी विचारलं. हा प्रश्न त्याला आवडायचा, पण त्या दिवशी त्याचा आवाज बारीक होता. "कारण सिग्नल असला तरी पुलावरून येणारी मोठी गाडी इथे थांबेल असं धरता येत नाही. मोठ्या गाडीचा ड्रायव्हर नाक्यावर थांबत नाही, बारक्यांनी थांबावं असं तो समजतो."

हा तर माझा नियम. मला वाटत होतं तो पेटीत शहाणपण म्हणून आहे. तो रोग म्हणून होता.

"हे सांगितलं कोणी?" चुलतभाऊ ओरडला.

सर म्हणाला, "ड्रायव्हर लोकांनी." नाव घेतलं नाही. पण गावात ट्रकवाला एकच, आणि पेटीवाल्याला जवला घातलेलं घर पण एकच. सगळ्या माना वळल्या.

कचेरीचे साहेब हुशार. त्यांनी विचारलं, "याची खात्री किती आहे, सर?"

"सहा."

"आणि बाकीच्या गोष्टींची?"

"आठ, नऊ. पण चौघांनी ओझं उचललं तरी ज्याचा खांदा खाली, तिकडेच ते कलतं. उत्तराची खात्री सहाच."

"मग सहावर मी सही कशी करू?" साहेब रुमालाने मान पुसत हसले. "लोकांना सिग्नल पाहिजे, सिग्नल देऊन टाकू." गावाने टाळ्या वाजवल्या.

सरांनी एक कळ दाबून सहाचे आठ केले असते, तर कोणाला कळणार होतं? त्याने नाही केले. तो पेटीसमोर बसून राहिला, पाठ करून. शर्ट पाठीला चिकटलेला. आणि मला त्याचा राग आला, एवढा राग माणसाचा मला कधी आला नव्हता. माझ्या शब्दाला सहा म्हणून आता गावात सिग्नल लागणार आणि पोरं त्या हिरव्या-लाल दिव्याच्या भरवशावर रस्त्यात उतरणार.

मी उभा राहिलो. "सहा नाही. दहा."

चुलतभाऊ म्हणाला, "खाली बस, भाऊ. गावाचा रस्ता बंद करतोस काय?"

"पुलावरून मी भरलेला ट्रक घेऊन उतरलो आणि रस्ता मोकळा दिसला, तर तुझ्या सिग्नलला मी थांबणार नाही. मी. बाळकुमचा. मग बाहेरचे कोण थांबतात?"

सर हळूच वळला. "का थांबणार नाही, ड्रायव्हरसाहेब?"

"उतारावर ब्रेक दाबला की माल पुढे येतो. गेर पडतो, वेग मरतो, मागचा शिव्या देतो. पाय जात नाही ब्रेककडे. माझ्यातल्या कोणालाही विचारा, जात नाही."

"आणि समोरचं पोर थांबलं नाही तर?"

मागे बायकांत माझी मंडळी उभी होती. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "म्हणून तर म्हणतो दहा."

सर पेटीकडे वळला, कळा दाबल्या. पडद्यावर आकडा बदलला, आणि मी पुढे जाऊन बघितला. आठ. सगळ्या गावासमोर मी गाव अंगावर घेतलं तरी दोन त्याने दिले नाहीतच. साहेबांना आठ पुरले. गॅप बंद झाला.

त्यानंतर गावाने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. "गाव बांधून घातला ड्रायव्हरने" हे त्यातलं बरं. हळदीला बोलावणं यायचं, पण पंगतीत शेजारी कोणी बसायचं नाही. मीही हटलो नाही. वळसा लांब होता, उन्हात तर फारच. बायको डोक्यावर टोपली घेऊन फिरून जायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

पुढे एका सकाळी बघतो तर डिव्हायडरचे दगड काढलेले. एक माणूस आडवा होऊन जाईल एवढंच. मग टोपलीवाली बाई जाईल एवढं झालं, मग स्कूटर. कचेरीवाल्यांनी बुजवलं, गावाने फोडलं. पुन्हा बुजवलं, पुन्हा फोडलं. शेवटी कचेरीवाले कंटाळले.

मी सरांना कळवलं नाही, पण त्याला कळलं. आला, त्या फोडलेल्या जागेशी उकिडवा बसला. जाणाऱ्या येणाऱ्याला का विचारत होता. भाजी सुकते. बस सुटते. पाय दुखतात. सासू ओरडते. सगळ्यांनी उत्तरं दिली, चांगली दिली. त्याने कार्डं काढली नाहीत. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि मला प्रथमच तो म्हातारा वाटला.

"मी गाडीवाल्यांना सगळं विचारलं," म्हणाला. "चालणाऱ्यांना विचारायचं मला सुचलंच नाही. त्यांना मी फक्त मोजलं."

पेटीला दुसरा नाका मिळाला नाही. कॉलेजाने तो कॉम्प्युटर पगाराच्या कामाला लावला. कचेरीचे साहेब बदलून गेले. सर रिटायर झाला आणि डोंबिवलीतच असायचा म्हणे. अण्णाचं हॉटेल रस्तारुंदीत गेल्यावर गाठ पडायची जागाच राहिली नाही.

ती फोडलेली जागा बघायला तो आला त्या दिवशी, परतीची बस धरायला त्याला पलीकडे जायचं होतं. जागा समोर उघडी होती, लोक जात होते. मी म्हणालो, चला, हात धरतो, जाऊ इथून. तो नको म्हणाला. आम्ही दोघं वळसा घालून गेलो, पुलाच्या वळणापर्यंत आणि परत, उन्हातून. बायको तोवर फोडलेल्या जागेतून पलीकडे जाऊन टोपली खाली ठेवून आमची वाट बघत उभी होती. आम्ही पोचलो तेव्हा म्हणाली, "आलं दोन शाने."

पुढे ती होती तोवर तसंच चाललं. दोघं एकदम घरातून निघायचो. ती मधून जायची, मी फिरून जायचो, आणि ती पलीकडे थांबलेली असायची. गाव हसायचं. तिने कधी मला मधून ये म्हटलं नाही, आणि मी तिला कधी फिरून चल म्हटलं नाही.

आता ती नाही. नाक्यावर उंच इमारती झाल्या, गाड्या दसपट झाल्या, आणि ती फोडलेली जागा आहे तिथेच आहे. औषधाचं दुकान पलीकडे आहे. परवा सून बरोबर होती. ती मधून गेली, पलीकडून हाक मारायला लागली, "बाबा, या ना इथूनच! कोण बघतंय?"

गुडघे माझेही दुखतात. मी पुलाकडे वळलो. अख्ख्या गावासमोर दहा म्हणालेला माणूस मधून कसा जाईल?